कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हा क्रम पाळा

कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला की बहुतेक घरांत ठरलेला प्रकार सुरू होतो. आधी अँटिव्हायरस फिरवला जातो, मग रॅम काढून खोडरबराने घासली जाते, मग कुणीतरी सांगतं म्हणून नवा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारी पेटी) येतो आणि शेवटी फॉरमॅट. यातलं एखादं पाऊल बरोबर पडतंही, पण कोणतं ते कळत नाही. दोन आठवड्यांनी दुखणं परतलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय विंडोजने प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवलेली असते आणि फॉरमॅटमध्ये नेमकी तीच पुसली जाते.

खालचा क्रम विंडोज १० आणि ११ चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटतील, तरी गाळू नका. त्यांना स्क्रूड्रायव्हर लागत नाही, खर्च शून्य, आणि पुढे काय उघडायचं हे तेच ठरवतात.

## तयारी: काहीही बदलण्याआधी

बॅकअप. डिस्क जात आली असेल तर प्रत्येक रीस्टार्टमागे फायली खराब होण्याचा धोका असतो. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर टाका. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर कॉपी करून निश्चिंत होणं. अनेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलेलं असेल, तर डिस्क तुमच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असू शकते. पुढे बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या स्क्रीनमध्ये) काही बदललं की विंडोज ४८ आकडी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आत्ताच कागदावर उतरवून घ्या.

वही. मोबाइलमधली नोंदही चालेल. प्रत्येक रीस्टार्टला चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, त्या क्षणी काय चालू होतं, स्क्रीनवर काही दिसलं का, आणि त्याच वेळी घरात दिवे लुकलुकले किंवा एखादं मोठं उपकरण चालू झालं का. चारपाच नोंदी झाल्या की बऱ्याचदा रोख दिसायला लागतो.

> नियम: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर (विंडोज आणि एखादा पार्ट यांना जोडणारा प्रोग्रॅम) बदलला, रॅम हलवली आणि प्लगही दुसरीकडे लावला, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

## टप्पा १: नेमकं काय होतंय ते पकडा

‘बंद पडतो’ या एका तक्रारीखाली चार वेगळी दुखणी असतात.

1. निळी किंवा काळी एरर स्क्रीन क्षणभर दिसते आणि मग रीस्टार्ट होतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ही स्क्रीन काळी असते, त्यामुळे ‘निळी स्क्रीन आलीच नाही’ म्हणून तिला सोडून देऊ नका.
2. काहीच न दिसता अंधार होतो आणि कॉम्प्युटर स्वतःहून पुन्हा सुरू होतो.
3. पूर्ण बंद होतो आणि बटण दाबेपर्यंत बंदच राहतो.
4. ‘रीस्टार्टिंग’ असं व्यवस्थित लिहून येतं आणि रीतसर बंद होतो. यामागे बहुतेक वेळा अपडेट असतं.

नुसता मॉनिटर काळा झाला, पण पंखे फिरतायत आणि गाण्याचा आवाज येतोय, तर तो रीस्टार्ट नव्हे. मॉनिटरची केबल, ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर तपासा.

आता विंडोजची एक सवय मोडायची आहे. एरर आली की ते आपोआप रीस्टार्ट होतं, त्यामुळे स्क्रीनवरचा कोड वाचायला वेळच मिळत नाही. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा. उघडलेल्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालचं ‘सेटिंग्ज’ बटण, आणि तिथल्या ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची टिक काढा. त्याच चौकटीत खाली डम्प फाइलचा (बिघाडाच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याच्या नोंदीचा) पर्याय ‘ऑटोमॅटिक मेमरी डम्प’ किंवा ‘स्मॉल मेमरी डम्प’ असू द्या. जागा वाचवायला कुणी पेज फाइल (विंडोज डिस्कवर ठेवतं ती जोडमेमरी) बंद करून ठेवली असेल तर ती सुरू करा, नाहीतर डम्प लिहिला जाणार नाही.

डेस्कटॉपपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोनतीनदा केलं की रिपेअरची स्क्रीन येते. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असं जा. यादीतला ९ क्रमांक आपोआप रीस्टार्ट थांबवतो, ४ क्रमांक सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) नेतो.

> तपासा: टिक काढल्यावर पुढचा झटका आला की पाहा. कोड दाखवून स्क्रीन थांबली, तर विंडोजला चूक पकडायला वेळ मिळाला. तरीही झटकन अंधार झाला, तर वीज, उष्णता किंवा मदरबोर्ड यांच्याकडे संशय वळवा.

## टप्पा २: नोंदी वाचा, पण ४१ ला भुलू नका

सुरुवात ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ने करा, स्टार्टमध्ये त्याच नावाने सापडते. तारखांचा आलेख दिसतो आणि लाल फुल्यांवर टिचकी मारली की त्या दिवशी काय कोसळलं ते समजतं. दुखणं सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आलं, हेही इथेच दिसतं.

मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा आणि ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’मध्ये रीस्टार्टच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा. इथे बहुतेकांना ‘कर्नल पॉवर, आयडी ४१’ ही लाल खुणेची नोंद सापडते, नावात ‘पॉवर’ दिसतं आणि लगेच नव्या एसएमपीएसची चौकशी सुरू होते. ४१ मध्ये कारण लिहिलेलं नसतं. रात्री वीज गेली होती हे सकाळी थांबलेल्या घड्याळावरून कळावं, तितकंच तिचं मोल: मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज सांगतंय. पॉवर बटण दाबून धरून तुम्ही स्वतः बंद केलं तरी हीच नोंद पडते.

कामाची गोष्ट तिच्या पोटात असते. नोंदीचा ‘डिटेल्स’ टॅब उघडा आणि ‘बगचेक कोड’ ही ओळ शोधा.

- शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही. वीज तुटली, रीसेट झाला किंवा यंत्र पुरतं गोठलं. टप्पा ४ आणि ५ तुमच्यासाठी.
- दुसरा आकडा असेल तर तो नेहमीच्या दशमान पद्धतीत असतो, तर स्क्रीनवरचा कोड षोडशमान (हेक्साडेसिमल, १६ आधाराच्या) पद्धतीतला. त्यामुळे २९२ आणि १२४ हे दोन वेगळे कोड वाटतात, पण ते एकच आहेत. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधला ‘प्रोग्रॅमर’ मोड रूपांतर करून देतो.

वारंवार भेटणारे काही आकडे असे. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच नोंदवलेली चूक. प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) यांपासून सुरुवात करा. २७८ म्हणजे ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही. २६ मेमरीशी निगडित. २०९ बहुतेकदा एखाद्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. ३०७ मध्ये स्टोरेजचा ड्रायव्हर किंवा एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) तपासण्याजोगं. १२२ म्हणजे डिस्कवरून हवा तो मजकूर वाचता आला नाही. डिस्क, तिची केबल, क्वचित रॅम. मात्र एकाच कोडवरून पार्ट विकत घेऊ नका. दरवेळी तोच कोड येत असेल तर तो खरा धागा. दरवेळी वेगळाच येत असेल तर रॅम किंवा वीजपुरवठा जास्त संशयास्पद.

आणखी दोन नोंदी पाहा. आयडी १०७४ असेल तर रीस्टार्ट कुणाच्या तरी हुकमावरून झाला आणि त्या प्रोग्रॅमचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. ते विंडोज अपडेटशी संबंधित निघालं तर ‘ॲक्टिव्ह अवर्स’ (अपडेटसाठी रीस्टार्ट करू नये ते तास) नीट लावा; पुढचं काही करायची गरज नाही. ‘डब्ल्यूएचईए लॉगर’ नावाच्या नोंदी रांगेने दिसल्या, तर हार्डवेअर आधीपासून कुरकुर करत होतं.

## टप्पा ३: विंडोज दोषी की यंत्र?

हा टप्पा फारसं कुणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त श्रम हाच वाचवतो.

1. कॉम्प्युटर सुरू करून थेट बायोसमध्ये जा आणि अर्धापाऊण तास तसाच सोडा. इथे विंडोज नाही, त्याचे ड्रायव्हर नाहीत, व्हायरस नाही. तरीही रीस्टार्ट झाला तर सॉफ्टवेअर निर्दोष. फॉरमॅटचा विचार डोक्यातून काढा.
2. बायोसमध्ये टिकला, तर पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स टाकून ‘ट्राय’ या पर्यायाने चालवा. काही इन्स्टॉल करू नका. व्हिडिओ लावा, ब्राउझरमध्ये भरपूर टॅब उघडा, एकदोन तास वापरा.

> सावधान: बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर जवळपास भारच नसतो. तिथे टिकला म्हणून एसएमपीएस ठणठणीत आहे असं ठरत नाही. या चाचणीत नापास होणं निर्णायक. पास होणं म्हणजे फक्त पुढे जायची परवानगी.

लिनक्सवर तासन्‌तास नीट चालतो आणि विंडोजवर तेच काम करताना पडतो, असं निघालं तर सरळ टप्पा ७ वर जा.

## टप्पा ४: वीज, भिंतीपासून आत

क्रम बाहेरून आत. आधीच कॅबिनेट उघडू नका.

भिंत आणि वायर. एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड, यूपीएस सगळं बाजूला करून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि काही दिवस वापरा. कॅबिनेटमागची जाड केबल दोन्ही टोकांना घट्ट बसते का पाहा. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल तर ती केबल वाकून अर्धवट बाहेर आलेली असते आणि टेबलाला धक्का लागला की संपर्क तुटतो.

यूपीएस. बॅटरी म्हातारी झाली की यूपीएसवर हिरवा दिवा छान जळत राहतो, पण वीज क्षणभर गेली की तो भार पेलू शकत नाही. परीक्षा सोपी: कॉम्प्युटर बायोसच्या स्क्रीनवर न्या आणि यूपीएसचा भिंतीतला पुरवठा बंद करा. लगेच अंधार झाला तर बॅटरी किंवा यूपीएसची क्षमता कमी पडतेय. ही परीक्षा विंडोज चालू असताना, फायली उघड्या ठेवून करू नका. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवरच्या आउटलेटला लावलेला असेल तर काढा. छपाई सुरू होताना तो एकदम मोठा भार खेचतो.

रीसेट बटण. याच्याकडे दुर्लक्ष होतं. जुन्या कॅबिनेटचं बटण धूळ बसून अडकतं आणि मधूनच संपर्क होतो. मदरबोर्डच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी लागतात. त्यातली ‘रीसेट’ लिहिलेली दोन पिनांची जोडी उपटून ठेवा. कॉम्प्युटरला तिची गरज नसते. यानंतर रीस्टार्ट थांबले तर फुकटात सुटलात.

> सावधान: कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा. आतल्या कोऱ्या धातूला हात लावून मगच पार्टला हात घाला. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडू नका; केबल काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.

आतले कनेक्टर. मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवणारे दोन सॉकेट असतील तर एकाच केबलच्या दोन शेपट्या लावण्यापेक्षा एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा.

एसएमपीएस. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू होताच झटक्यात रीस्टार्ट, बगचेक कोड शून्य आणि तापमान मर्यादेत, असं तिन्ही जुळलं तर संशय पक्का होत जातो. बायोसमध्ये १२ व्होल्टच्या रेषेचा आकडा ११.४ ते १२.६ दरम्यान असायला हवा, पण तो बिनभाराचा असतो. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का बघण्याची युक्तीही इथे कुचकामी: पंखा फिरणं आणि पूर्ण भार पेलणं यांत फरक आहे. खरी चाचणी एकच, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा, नीट चालणारा दुसरा एसएमपीएस लावून पाहणं. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते आणि डिस्क जळू शकते.

लॅपटॉपसाठी: बॅटरीवर आणि चार्जरवर असं वेगवेगळं चालवून पाहा. चार्जर काढताच बंद पडत असेल तर बॅटरी, आणि फक्त चार्जर लावल्यावर गडबड असेल तर चार्जर किंवा त्याचं सॉकेट.

## टप्पा ५: उष्णता

एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) किंवा कोअर टेम्पसारखा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. तापमान डोळ्यांनी बघत बसू नका. फाइलमध्ये नोंद करायची सोय सुरू ठेवा, म्हणजे बंद पडण्याआधीचा शेवटचा आकडा हाती लागतो. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एएमडी रायझनचे ९० ते ९५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे तापण्याचं पहिलं लक्षण मंदपणा. त्याही पुढे गेलं तर कॉम्प्युटर सहसा पूर्ण बंद होतो. मशीन जराही मंद न होता ६० अंशांवर रीस्टार्ट होत असेल, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप) बदलून काही होणार नाही.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मग हवा मारा. पातं मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग बिघडतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्थिर वीज निर्माण होते. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. बाजूने नजर टाका: एक जरी खुंटी वर आलेली दिसली तर कूलर तिरका बसलाय आणि प्रोसेसरचा एक कोपरा उघडाच तापतोय.

## टप्पा ६: रॅम

आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. हे प्रोफाइल म्हणजे रॅमचं एक प्रकारे ओव्हरक्लॉकिंगच. बंद केल्यावर रीस्टार्ट थांबले तर रॅम फेकायची गरज नाही, थोड्या कमी वेगावर चालवा.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक पटकन होते, पण तिने दिलेला ‘ठीक आहे’ हा निर्वाळा मी अंतिम मानत नाही. एकही चूक चालणार नाही. ‘फक्त दोनच चुका आल्या’ म्हणजे नापास.

> तपासा: चुका आल्या तर एकच पट्टी एका स्लॉटमध्ये लावून चाचणी, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर हलली तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर.

खोडरबराचा हट्ट सोडा. त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं कापड पुरे.

## टप्पा ७: ड्रायव्हर आणि विंडोज

इथे येण्याची अट: वीज, उष्णता, रॅम निर्दोष ठरलेत किंवा लिनक्सवर सगळं सुरळीत चाललंय.

1. दुखण्याच्या तारखेच्या आसपास आलेला ड्रायव्हर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ‘रोल बॅक’ करा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर न्या. ग्राफिक्सचा असेल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने पूर्ण काढून निर्मात्याच्या साइटवरून नव्याने टाका. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकट प्रोग्रॅम टाळा.
2. ‘क्लीन बूट’ करा: सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद. दुसरा अँटिव्हायरस, आरजीबी दिव्यांचे आणि पंख्यांचे प्रोग्रॅम हे नेहमीचे संशयित.
3. विंडोजच्या फायली दुरुस्त करा. आधी डिस्म (DISM) कमांडची ‘रीस्टोअर हेल्थ’, मग एसएफसी (SFC) कमांड. उलट क्रमाने केलं तर एसएफसी बिघडलेल्या साठ्यातूनच फायली उचलू शकतं. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथे विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करण्याचा पर्यायही असतो; त्यात फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात.

बायोस अपडेटबद्दल: वीजपुरवठ्याची शंका मिटेपर्यंत करू नका. अपडेट चालू असताना रीस्टार्ट झाला तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. अपवाद वाटावा इतकं महत्त्व एका बाबतीत आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याची अडचण होती आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले. ते बायोस अपडेटमधूनच येतात. तुमच्याकडे असा प्रोसेसर असेल आणि बायोस त्याआधीचा असेल, तर वीज खात्रीची करून अपडेट कराच. आधीच झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती, ती तपासा.

## टप्पा ८: डिस्क

क्रिस्टल डिस्क इन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर आणखी चाचण्या करून डिस्कला दमवू नका. बॅकअप पूर्ण आहे ना ते पाहा आणि डिस्क बदला. डिस्क साटा केबलने (मदरबोर्डला जोडणाऱ्या चपट्या केबलने) जोडलेली असेल तर आधी ती केबल बदलून बघायला हरकत नाही.

## किती थांबायचं, कधी सोपवायचं

प्रत्येक बदलानंतर किती वाट बघायची हे तुमची वही सांगेल. दिवसातून तीनदा पडणाऱ्या मशीनला एक दिवस पुरे. आठवड्यातून एकदा पडणारं मशीन दोन दिवस नीट चाललं म्हणून ‘झालं दुरुस्त’ म्हणू नका, किमान तीन आठवडे जाऊ द्या.

फॉरमॅट कधी? लिनक्सवर स्थिर आहे, टप्पा ७ पूर्ण झालाय आणि तरीही विंडोज पडतंय, तेव्हा. लिनक्सवरही पडतंय, एसएमपीएस आणि रॅम बदलूनही पडतंय, तर उरतात मदरबोर्ड आणि प्रोसेसर. मदरबोर्डवर एखादा कपॅसिटर वरून फुगलेला किंवा गळलेला दिसला तर उत्तर मिळालंच.

दुरुस्तीला देताना नुसतं ‘मध्येच बंद पडतो’ सांगू नका. वहीचं पान, बगचेक कोडचे आकडे, ‘मिनीडम्प’ फोल्डरची प्रत, मेमटेस्टचा निकाल, आणि काय काय बदलून झालंय त्याची यादी द्या. ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर पॉवर केबलही सोबत न्या. तिकडे चांगल्या केबलवर मशीन दिवसभर चालतं, ‘काही दोष नाही’ म्हणून परत येतं आणि घरच्या केबलला लावलं की पुन्हा तेच सुरू.